सायरसच्या आधीचे राजे : अनशानचे घराणे आणि दरायसने सांगितलेली वंशावळ

प्राचीन इराणच्या हखामनी साम्राज्याचा इतिहास बहुतेक पुस्तकांत इ.स.पू. ५५० पासून, म्हणजे सायरसने मीडियाचा राजा अस्त्यागीस याचा पाडाव केला तेव्हापासून, सुरू होतो. पण सायरस हा कुठून तरी अवचित उगवलेला सेनानी नव्हता. त्याचा बाप, आजा आणि आज्याचा बाप हे तिघेही राजे होते, असे तो स्वतःच सांगतो. या आरंभीच्या राजांविषयी राजघराण्यातूनच आलेल्या दोन साक्षी आपल्या हाती आहेत. एक सायरसची आणि दुसरी त्याच्यानंतर काही वर्षांनी गादीवर आलेल्या पहिल्या दरायसची. या दोन्ही साक्षी एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत, आणि सुरुवातीच्या हखामनी राजांचा सारा प्रश्न या न जुळण्यातच आहे.

पहिली साक्ष आहे सायरसच्या मृत्तिका-दंडगोलाची. बॅबिलोनच्या अवशेषांत १८७९ मध्ये सापडलेली ही भाजलेल्या मातीची, पिंपाच्या आकाराची वस्तू जेमतेम वीतभर लांबीची आहे आणि ती ब्रिटिश म्युझियममध्ये असते. २०१३ च्या अखेरीस ती मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडली गेली, तेव्हा इथल्या अनेकांना, विशेषतः पारशी समाजाला, ती प्रत्यक्ष पाहता आली. इ.स.पू. ५३९ मध्ये बॅबिलोन जिंकल्यावर सायरसने ती लिहवून घेतली. तीत त्याने सांगितलेली वंशावळ अगदी स्वच्छ आहे : आपण कॅम्बायसिसचा मुलगा, सायरसचा नातू आणि चिश्पिशचा वंशज, आणि हे तिघेही ‘महान राजे, अनशानचे राजे’. हखामनिश हे नाव, ज्यावरून आज आपण साऱ्या घराण्याला हखामनी म्हणतो, त्यात कुठेही नाही.

‘अनशानचा राजा’ या बिरुदाकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे. अनशान हे एलामी लोकांचे फार जुने नगर होते. एलाम म्हणजे नैऋत्य इराणातले प्राचीन राज्य आणि सूसा हे त्याचे मुख्य नगर, आणि एलामचे सम्राट शतकानुशतके स्वतःला ‘अनशान आणि सूसा यांचा राजा’ म्हणवीत असत. हे नगर नेमके कुठे होते याचा उलगडा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. शिराझच्या उत्तरेकडील तल-ए-मलियान या टेकाडावर एलामी राजाच्या लेखांच्या विटा मिळाल्या आणि ते टेकाड म्हणजेच अनशान हे निश्चित झाले. ज्या डोंगराळ प्रदेशाला पुढे पार्स किंवा फार्स म्हटले गेले, त्याच प्रदेशात हे ठिकाण येते. इराणी भाषा बोलणारे पशुपालक लोक तिथे वसले, जुन्या एलामी वस्तीत मिसळले, आणि इ.स.पू. ६४६ च्या सुमारास असिरियाचा राजा असुरबनिपाल याने सूसा लुटून एलामची सत्ता मोडून काढल्यावर डोंगरातल्या या नव्या घराण्याला त्या जुन्या बिरुदावर हक्क सांगायला वाव मिळाला, असे चित्र उभे राहते. चिश्पिश आणि त्याचे वारस यांना केवळ ‘पर्शियन टोळीप्रमुख’ म्हणणे मला म्हणूनच अपुरे वाटते. ते एका जुन्या, लिपी आणि दप्तर असलेल्या राज्यपरंपरेचा वारसा सांगत होते.

याला बळकटी देणारा पुरावा एका मुद्रेचा आहे. पर्सेपोलिस या हखामनी राजधानीच्या तटबंदीत १९३३-३४ मध्ये हजारो मृत्तिकाफलक सापडले. हे दरायसच्या काळातील धान्य, मद्य आणि जनावरांच्या हिशेबांचे दप्तर आहे आणि त्याची भाषा प्रामुख्याने एलामीच आहे. त्यांतील काही फलकांवर त्या काळीही जुनी असलेली एक मुद्रा उमटवलेली आहे. घोड्यावरचा वीर भाल्याने शत्रूला भोसकतो आहे, मेलेले शत्रू खाली पडले आहेत, आणि बाजूला एलामी अक्षरांत लिहिले आहे : ‘अनशानचा कुरश, शेशपेशचा मुलगा’. कुरश म्हणजे सायरस आणि शेशपेश म्हणजे चिश्पिश. तेव्हा हा सायरसचा आजा, पहिला सायरस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सूसाच्या विध्वंसानंतर पार्सुमशच्या, म्हणजे बहुधा पार्सच्या, कुरश नावाच्या राजाने आपला थोरला मुलगा अरुक्कू याला खंडणीसह निनवे या असिरियाच्या राजधानीला पाठवले, अशीही नोंद असुरबनिपालच्या लेखांत आहे. तो कुरश हाच असेल, तर त्याच्या आणि त्याच्या नातवाच्या कारकिर्दींमधले अंतर फारच लांब होते, म्हणून ही ओळख सर्वांनाच मान्य नाही.

पहिल्या सायरसचा मुलगा पहिला कॅम्बायसिस याच्याबद्दल सांगण्यासारखे थोडेच उरले आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस त्याला चांगल्या कुळातला, शांत स्वभावाचा एक पर्शियन एवढेच मानतो; भयसूचक स्वप्नांमुळे अस्त्यागीसने आपली मुलगी मंदाने मुद्दाम अशा साध्या माणसाला दिली, असे तो सांगतो. पण बॅबिलोनचा शेवटचा राजा नबोनिदस याच्या काळाची बखरही सायरसला, बॅबिलोन जिंकण्याच्या कितीतरी आधी, ‘अनशानचा राजा’च म्हणते. इ.स.पू. ५५० ची तिची नोंद सांगते की अस्त्यागीस सायरसवर चालून गेला, त्याचेच सैन्य उलटले, त्याला बांधून सायरसच्या हवाली करण्यात आले, आणि एकबताना या मीडियाच्या राजधानीतील सोनेचांदी सायरसने अनशानला नेली. लूट ज्या गावी जाते, ते राजधानीचे गाव. तेव्हा कॅम्बायसिस राजा नव्हता, ही हेरोडोटसची कथा मागे पडते.

आता दुसरी साक्ष. सायरस इ.स.पू. ५३० मध्ये मरण पावला, त्याचा मुलगा दुसरा कॅम्बायसिस इजिप्त जिंकून ५२२ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी सायरसचा दुसरा मुलगा बर्दिय, किंवा दरायसच्या म्हणण्याप्रमाणे बर्दियचे सोंग घेतलेला गौमात, याला सहा साथीदारांसह ठार मारून दरायस राजा झाला. पश्चिम इराणातील केरमानशाहजवळच्या बेहिस्तूनच्या कड्यावर त्याने तीन भाषांत कोरलेला प्रचंड लेख त्यानंतरचा आहे. पुढे १८३५ पासून मुंबई लष्करातील अधिकारी हेन्री रॉलिन्सन याने कड्यावर चढून त्याच्या नकला उतरवल्या. त्यात दरायस म्हणतो : माझा बाप विश्ताश्प, त्याचा बाप अर्शाम, त्याचा अरियारम्न, त्याचा चिश्पिश, त्याचा हखामनिश, माझ्या कुळात आधी आठ राजे झाले, मी नववा.

ही आठांची संख्या जुळवण्यासाठीच इतिहासकारांनी चिश्पिशपासून दोन शाखा फुटल्या अशी वंशावळ मांडली : एका बाजूला दोन सायरस आणि दोन कॅम्बायसिस, दुसऱ्या बाजूला अरियारम्न आणि अर्शाम, आणि वर हखामनिश व चिश्पिश. बेरीज बरोबर येते, आणि म्हणूनच ती अजूनही बऱ्याच पुस्तकांत छापली जाते. पण अडचणी थोड्या नाहीत. सूसा येथील लेखात दरायस स्वतःच सांगतो की आपण राजा झालो तेव्हा बाप विश्ताश्प आणि आजा अर्शाम दोघेही हयात होते. अर्शाम खरोखर राजा होता, तर तो जिवंत असताना गादी नातवाकडे कशी आली? अरियारम्न आणि अर्शाम यांच्या नावाचे दोन सुवर्णपत्रही दाखवले जातात, परंतु त्यांची भाषा दरायसच्या नंतरच्या काळाची असल्याने त्यांना समकालीन पुरावा मानता येत नाही. पसारगादे या सायरसच्या राजधानीतील ‘मी सायरस राजा, हखामनी’ हे लेख प्राचीन पर्शियन लिपीतही आहेत, आणि ती लिपी दरायसच्या काळातच घडली असे आज बहुतेकांचे मत आहे. म्हणजे सायरसला हखामनी म्हणणारे ते शब्द बहुधा दरायसचेच आहेत.

माझ्या मते अनशानचे घराणे आणि दरायसचे कुळ या मुळात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि चिश्पिश या नावाशी त्यांचा सांधा दरायसने जुळवला. हेरोडोटस हखामनींना पसारगादी जमातीतले कुळ म्हणतो, तेव्हा दूरचे नाते असणे अशक्य नाही. पण एका वर्षात एकोणीस लढाया देऊन नऊ बंडखोर राजे पकडावे लागलेल्या माणसाला सायरसच्या रक्ताशी जवळीक सांगण्याची निकड होती, हे उघड आहे. त्याने सायरसच्या मुली अतोस्सा आणि अर्तिस्तोने यांच्याशी विवाह केला, आणि अतोस्साचा मुलगा क्षयार्श (झर्क्सीस) पुढे राजा झाला. म्हणजे पुढच्या पिढीत ते नाते रक्ताचेही झाले.

तरीही नंतरच्या राजांनी वंशावळ सांगितली ती दरायसच्या बाजूनेच. इ.स.पू. चौथ्या शतकात तिसऱ्या अर्तक्षथ्राने (आर्टाझर्क्सीसने) पर्सेपोलिस येथे कोरवलेल्या लेखात तो एकेक पूर्वज मागे मोजत दरायसपर्यंत जातो आणि त्या प्रत्येकाला राजा म्हणतो. पुढे विश्ताश्प आणि अर्शाम येतात ते बिरुदाविना, नुसत्या नावानिशी, आणि ‘हखामनी’ या शब्दावर यादी संपते. अनशानच्या एकाही राजाचे, सायरसचेसुद्धा, नाव तीत नाही.