वर्गणी देऊ, पण बाकीचे देतील का?

चार अनोळखी माणसं प्रयोगशाळेत बसली आहेत. प्रत्येकाजवळ २० टोकनं. हवी तेवढी स्वतःकडे ठेवायची, हवी तेवढी सामाईक हंड्यात टाकायची. हंड्यातली रक्कम १.६ पट करून चौघांत सारखी वाटतात. कुणी किती टाकलं ते पाहिलं जात नाही. एक टोकन टाकलं की स्वतःच्या वाट्याला ०.४ च परत येतं. चौघांनी सगळी टाकली तर मात्र प्रत्येकाच्या २० ची ३२ होतात. सुरुवातीला लोक साधारण निम्मी टोकनं टाकतात, मग फेरीगणिक हंडा रिता होत जातो.

माणसं लोभी असतात, हे उत्तर अपुरं आहे. फिशबाखर, गेख्टर आणि फेर या संशोधकांनी २००१ मध्ये थेट विचारलं, बाकीच्यांनी सरासरी इतकं दिलं तर तुम्ही किती द्याल? सुमारे निम्म्यांचं उत्तर होतं, ते देतील त्या मानाने आम्हीही देऊ. काहीच न देणारे फुकटे तीसेक टक्के निघाले. इतरांवरचा भरवसा उडाला की देणाऱ्यांचाही हात आखडतो.

आंतरराष्ट्रीय संस्थांना लोकांचा पाठिंबा किती, याचं उत्तर मला या हंड्यापाशी सापडतं. देवीचा रोग संपल्याचं १९८० साली जाहीर झालं, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेला काहीही न देणाऱ्या देशाचाही लसीचा खर्च वाचला. लाभ सगळ्यांचा, म्हणून प्रत्येकाची नजर शेजाऱ्याच्या खिशावर.

आणि शेजाऱ्याबद्दलचा आपला अंदाज चुकतो! १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांच्या पाहणीत, जी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, ६९ टक्के लोक हवामानबदल रोखण्यासाठी उत्पन्नाचा एक टक्का द्यायला तयार होते. आपल्या देशातले किती जण तयार असतील, या प्रश्नावर त्यांचा सरासरी अंदाज होता ४३ टक्के. खर्चाबाबतही तेच. अमेरिकेत परदेशी मदतीवर सरकारी अंदाजपत्रकाचा पाव हिस्सा जातो असं लोकांना वाटत आलं. खरा आकडा एक टक्क्याच्या आसपास होता. तो सांगितल्यावर ‘खर्च फार होतो’ म्हणणारे जवळपास निम्म्यावर आले.

या संस्था सुधारायच्या कशा, हा मुद्दा इथेच येतो. बेख्टेल आणि शीव्ह यांनी २०१३ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीतल्या लोकांपुढे हवामान कराराचे वेगवेगळे आराखडे ठेवले. जास्त देश सामील असले, खर्चाची वाटणी न्याय्य वाटली, करार मोडणाऱ्याला थोडा दंड असला, की पाठिंबा वाढला. संस्थेची रचनाच लोकांना ‘बाकीचेही देतील’ अशी हमी देते.

जागतिक आरोग्य संघटनेची सक्तीची वर्गणी घसरत घसरत एकूण निधीच्या २० टक्क्यांच्याही खाली गेली होती. उरलेला पैसा ऐच्छिक देणग्यांचा, आणि त्यातला बराचसा देणाऱ्याने ठरवलेल्या कामालाच बांधलेला. साथ कुठे उद्भवेल हे देणगीदार आधी कसं ठरवणार? म्हणून २०२२ मध्ये सदस्य देशांनी वर्गणीचा वाटा टप्प्याटप्प्याने मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत नेण्याचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने, म्हणजे सर्वांत मोठ्या देणगीदाराने, बाहेर पडण्याची घोषणा केली. हंड्याच्या खेळात अशा वेळी बाकीचे हात काढून घेतात. त्याच वर्षी मे महिन्यात मात्र उरलेल्या देशांनी वर्गणीत आणखी २० टक्के वाढ मंजूर केली.