समस्याधारित अध्ययन

समस्याधारित अध्ययन : आधी अडचण समोर ठेवायची आणि ती सोडवताना लागेल ते ज्ञान विद्यार्थ्यांनी शोधून मिळवायचे, अशी अध्यापनपद्धती. नेहमीच्या वर्गात क्रम उलटा असतो. शेकडेवारीचा धडा आधी होतो, उदाहरणे मागून येतात आणि त्यांत लागणारा प्रत्येक आकडा दिलेला असतो. या पद्धतीत आकडे मुलांना स्वतः जमवावे लागतात. कोणते जमवायचे, हेही त्यांनीच ठरवायचे असते. तिचे खरे मोल या ठरवण्यात आहे.

विदर्भातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या सातवीत मांडता येईल असा प्रश्न पाहा : सोयाबीनचे घरचे बियाणे यंदा पेरावे की विकत आणावे? मुले घरून मूठ-मूठ बियाणे आणतात. गुरुजी उत्तर देत नाहीत, विचारतात, ‘‘तपासायला दाणे किती घ्यायचे? दहा की शंभर?’’ या एका प्रश्नावर वर्गात वाद होऊ शकतो आणि तो होऊ द्यावा. मग ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचे, ओल टिकवायची आणि साधारण आठवड्याने कोंब मोजायचे. कृषी विभागाच्या शिफारशीनुसार उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. साठच दाणे उगवले तर? ३० × ७० ÷ ६०, म्हणजे ३५ किलो. त्रैराशिक इथे वावराच्या कामाला येते. एका घरचे बियाणे चांगले उगवले आणि शेजारच्या घरचे नाही, हे दिसले की विज्ञानाचा तास आपोआप सुरू होतो. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते. मळणीयंत्र जोरात फिरले, पोती आपटली, थप्पी उंच लागली किंवा ओल धरली की आतला अंकुर दुखावतो. पोती कुठे आणि कशी ठेवली होती, हे मात्र घरी जाऊन बाबांना नाहीतर आजीला विचारावे लागते. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडतात आणि तोवर पेरणीची घाई सुरू झालेली असते. म्हणून ही तपासणी एप्रिलमध्येच उरकायला हवी.

हाताने काम करत शिकण्याचा विचार या मातीला नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीम, म्हणजे हातउद्योगातून शिक्षण, मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. सेवाग्रामात टकळीवरच्या सुताची मोजणी हाच गणिताचा पाठ होता. मात्र नई तालमीत केंद्रस्थानी उद्योग असतो, समस्याधारित अध्ययनात न सुटलेला प्रश्न. दोन्ही एकच मानू नयेत.

आजच्या रूपातील पद्धत वैद्यकीय शिक्षणातून आली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये आपल्या पहिल्या वैद्यकीय तुकडीपासून ती वापरली. वैद्यकशिक्षक हॉवर्ड बॅरोज यांनी पुढे तिची मांडणी केली. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठानेही ती स्वीकारली.

तिच्यावरचे आक्षेप गंभीर आहेत. पुरेशा मार्गदर्शनाविना सोडलेला नवशिका गोंधळतो, असे कर्शनर, स्वेलर व क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडले. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासांतही निव्वळ माहितीच्या परीक्षेत ही पद्धत फारशी सरस ठरलेली नाही. मिळवलेले ज्ञान वापरण्यात मात्र ती उजवी ठरते. म्हणून ज्या मुलाला अजून गुणाकार येत नाही त्याला आधी गुणाकार शिकवावा. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. तिथे मोठी मुले मोजणी सांभाळतात, लहान नोंदी करतात, आणि एरवी अडचण वाटणारा बहुवर्ग इथे उपयोगी पडतो. कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांना गटात आपल्या भाषेत बोलू द्यावे. मराठीत मांडणी नंतर करता येते.

समस्येची निवड शिक्षकाने जपून करावी. खारपाणपट्ट्यातील, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातील, विहिरीचे पाणी, पऱ्हाटीवरची (कपाशीवरची) गुलाबी बोंडअळी, पूर्व विदर्भातील मामा (माजी मालगुजारी) तलावात साचलेला गाळ : हे मुलांना मोजता येते, बघता येते. घरातले कर्ज वर्गात समस्या म्हणून मांडू नये. त्या घरचे मूल तिथेच, दुसऱ्या ओळीत बसलेले असते.