लिव्हिंग विल: पात्रता, मजकूर आणि साक्षांकनाची प्रक्रिया

मालमत्तेची व्यवस्था लावताना बहुतेक जण मृत्युपत्र करतात, बँकेतील नामनिर्देशने तपासून घेतात आणि काही जण मुलाच्या किंवा मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्रही करून ठेवतात. मात्र रुग्ण अतिदक्षता विभागात बेशुद्ध असताना उपचारांचा निर्णय घेण्यासाठी यांपैकी एकही कागद उपयोगी पडत नाही. मृत्युपत्र मृत्यूनंतरच अमलात येते. मुखत्यारपत्राबाबत तर फार मोठा गैरसमज आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मनाने अक्षम झाली की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवशी घरच्यांना त्याची सर्वाधिक गरज भासते, त्याच दिवशी त्याचा आधार जातो.

ही उणीव लिव्हिंग विल, म्हणजेच अग्रिम वैद्यकीय निर्देश, भरून काढतो. आपण स्वतः निर्णय घेऊ शकणार नाही अशा वेळी कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला हा कागद असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी निकाल देताना सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे सांगितले आणि अशा निर्देशाला मान्यता दिली. तथापि त्या वेळी घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती, विशेषतः प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीची अट इतकी जड होती, की सामान्य माणसाला ती पार पाडणे जवळपास अशक्य होते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने न्यायालयाने ती पद्धत सुटसुटीत केली. पुढील माहिती या सुधारित पद्धतीची आहे.

निर्देश करणारी व्यक्ती सज्ञान, सुदृढ मनाची, आपले म्हणणे मांडू शकणारी आणि या कागदाचा हेतू व परिणाम समजणारी असावी, एवढीच पात्रतेची अट आहे. आजारी असण्याची गरज नाही. उलट प्रकृती ठणठणीत असताना केलेल्या निर्देशाच्या वैधतेवर पुढे शंका घेतली जाण्याचा संभव कमी असतो. निर्देश स्वेच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय किंवा आमिषाशिवाय केलेला आणि लेखी असला पाहिजे. न्यायालयाने त्यासाठी ठरावीक छापील नमुना सक्तीचा केलेला नाही.

मजकुरात तीन गोष्टी हव्यातच: कोणत्या परिस्थितीत उपचार थांबवावेत किंवा सुरूच करू नयेत, निर्णयक्षमता गेल्यावर संमती देण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि हा निर्देश आपण केव्हाही मागे घेऊ शकतो याचा स्पष्ट उल्लेख. यांतील पहिल्या गोष्टीवर सर्वाधिक वेळ खर्च करावा, कारण निर्देश संदिग्ध असेल तर वैद्यकीय मंडळाने (रुग्णालयातील डॉक्टरांच्या समितीने; तिची रचना पुढे दिली आहे) तो अमलात आणू नये, असे न्यायालयाने सांगितले आहे. ‘मला नळ्या लावू नयेत’ हे वाक्य मनापासून लिहिलेले असले तरी डॉक्टरांना त्यातून काहीच ठरवता येत नाही. न्यूमोनिया झालेल्या माणसाला काही दिवस व्हेंटिलेटरवर ठेवून पूर्ण बरे करता येते. तेथे ती नळी जीव वाचवते. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘मला असाध्य व अंतिम अवस्थेतील आजार झाला असेल, बरे होण्याची वाजवी आशा नसल्याचे वैद्यकीय मंडळाचे मत असेल आणि मी स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेन, तर केवळ मृत्यू लांबवणारे व्हेंटिलेटर, डायलिसिस व हृदय पुन्हा सुरू करण्याचे उपचार सुरू करू नयेत, सुरू असल्यास थांबवावेत. वेदनाशमन व शुश्रूषा मात्र अखेरपर्यंत चालू ठेवावी.’ शेवटचे वाक्य आवर्जून घालावे. उपचार थांबवणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे, हे त्यामुळे घरच्यांनाही समजते. मसुदा पक्का करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी एकदा सविस्तर बोलावे. वकिलापेक्षा येथे त्यांचा सल्ला अधिक मोलाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजेक्शन देऊन जीवन संपवावे, अशी मागणी या निर्देशात करता येत नाही. सक्रिय इच्छामरण भारतात आजही बेकायदा आहे. मानसिक आजारावरील उपचारांसाठीचा अग्रिम निर्देश मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खाली वेगळा करावा लागतो. अवयवदानाची नोंदणीही स्वतंत्र आहे.

संमती देण्यासाठी पालक (गार्डियन) किंवा जवळचे नातेवाईक यांची नावे लिहायची असतात आणि २०२३ पासून एकाहून अधिक नावे देता येतात. जो मृत्युपत्रात मुख्य वारस आहे त्यालाच येथेही नेमण्यास मनाई नाही. तरीही भावंडांमध्ये आधीच मालमत्तेवरून कुरबुर असेल, तर ज्याला आर्थिक लाभ नाही असे एखादे विश्वासू नाव सोबत जोडणे शहाणपणाचे ठरते, कारण उपचार थांबवण्याच्या निर्णयावर नंतर संशयाची सावली पडणे कोणत्याही कुटुंबाला परवडत नाही. ज्यांना नेमायचे त्यांच्याशी आधी बोलून त्यांची तयारी मात्र जाणून घ्यावी.

स्वाक्षरी दोन साक्षीदारांसमोर करायची असून ते शक्यतो त्रयस्थ असावेत. त्यानंतर नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर कागद साक्षांकित करून घ्यावा. निर्देश स्वेच्छेने आणि परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून केल्याबद्दल आपली खात्री झाल्याचे साक्षीदारांनी व साक्षांकन करणाऱ्याने नमूद करणे आवश्यक असल्याने नुसता शिक्का पुरेसा नाही. तसे वाक्य मसुद्यातच टाकून ठेवावे. स्वतःचा व साक्षीदारांचा छायाचित्र असलेला ओळखपुरावा आणि पत्त्याचा पुरावा सोबत न्यावा.

यानंतरच्या टप्प्यात अनेकांची चूक होते. मृत्युपत्राबरोबर हा कागदही बँकेच्या लॉकरमध्ये जातो आणि लॉकर उघडेपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते. निर्देशाची प्रत नेमलेल्या व्यक्तींना आणि कुटुंबाचे डॉक्टर असल्यास त्यांना द्यावी. एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांपैकी आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थेने अभिरक्षक, म्हणजे हे कागद सांभाळणारा, म्हणून नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी व पोच घ्यावी. निर्देश डिजिटल आरोग्य नोंदींमध्येही समाविष्ट करता येतो.

रुग्णालयात हा निर्देश लगेच लागू होत नाही, आणि ते योग्यच आहे. रुग्ण स्वतः बोलू व ठरवू शकत असेल तोपर्यंत त्याचाच शब्द अंतिम असतो. ती क्षमता गेल्यावर उपचार करणारे डॉक्टर कागदाचा खरेपणा तपासतात. त्यानंतर ते स्वतः आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन विषयतज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते. मंडळाचे मत उपचार थांबवण्याच्या बाजूचे असेल तर रुग्णालय दुय्यम मंडळ नेमते. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नामनिर्देशित केलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ असतात. त्यांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. दोन्ही मंडळांचे एकमत आणि नेमलेल्या व्यक्तींची संमती झाली, की प्रत्यक्ष अंमलबजावणीपूर्वी रुग्णालय न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. मंडळाने नकार दिल्यास नेमलेली व्यक्ती अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागू शकते. लिव्हिंग विल नसलेल्या रुग्णाच्या बाबतीतही मंडळांचा हाच मार्ग आहे. फरक एवढाच, की तेथे रुग्णाला काय हवे होते याचा अंदाज नातेवाइकांना करावा लागतो.

निर्णयक्षमता शाबूत असेपर्यंत निर्देश केव्हाही बदलता किंवा रद्द करता येतो. बदलासाठी वरीलच पद्धत पाळावी लागते आणि रद्द करणे लेखीच असावे लागते. एकाहून अधिक वैध निर्देश असल्यास सर्वांत शेवटी स्वाक्षरी केलेला ग्राह्य धरतात. त्यामुळे नव्या निर्देशावर तारीख ठळकपणे लिहावी, जुन्या प्रती सर्वांकडून परत घ्याव्यात आणि अभिरक्षक अधिकाऱ्यालाही बदल लेखी कळवावा.