प्रिंटवरचा तो ठिपका आमचा नाही

(फुलांचे फोटो मोठे करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की पुढचे काही आठवडे आमच्याकडे फुलांच्या फोटोंची रीघ लागते. गच्चीवरची जास्वंद, सोसायटीच्या बागेतली शेवंती, कुंडीत आलेला पहिला गुलाब. प्रिंट घरी गेली की मागोमाग फोन येतो, "डाग पडलाय, शाई उडालीय, बदलून द्या." आम्ही मूळ फाइल उघडून मोठी करून दाखवतो. बहुतेक वेळा त्या डागाला पाय असतात.

हे फोनवर का दिसलं नाही, असं सगळेच विचारतात. जास्वंदीचं फूल साधारण १० सेंटीमीटर आणि त्यावरचा फुलकिडा जेमतेम दीड मिलिमीटर. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेल असते. फुलाने त्यातले ३००० व्यापले, तर किड्याच्या वाट्याला ४५ पिक्सेल आले. फोन उभा धरून आडवा फोटो पाहिला तर तो एक मिलिमीटरही भरत नाही. तोच फोटो १८ इंची केला की किडा ५ मिलिमीटरचा होतो आणि सोफ्याच्या वर लटकतो.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका. तसा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. मघाच्या किड्याचे ४५ पिक्सेल होतात १८. पाय गेले, मिशा गेल्या, उरला एक तपकिरी ठिपका. मग तो किडा आहे, परागकण आहे की धूळ, हे आम्हालाही सांगता येत नाही. तुम्ही म्हणता शाई, आम्ही म्हणतो किडा, आणि मूळ फोटो मुलीच्या फोनमध्ये बंगळुरूला. अशा एका जास्वंदीपायी आम्ही तीन वेळा प्रिंट काढली आहे. तिसऱ्यांदा मूळ फाइल आली, तेव्हा केसरदांड्यावर चार फुलकिडे स्वच्छ मोजता आले. ग्राहक भले होते, हसले. पण दोन प्रिंटांचा कागद आमचा गेला.

तेव्हा तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर आणा. स्क्रीनशॉट नको. कडा कापून, फिल्टर लावूनही नको, ते इथे मोठ्या पडद्यावर नीट होतं. पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेल्या फुलाबद्दल तर बोलायलाच नको. फोन स्वतःच्या मनाने पार्श्वभूमी धूसर करतो आणि त्या नादात पाकळीच्या कडेवर बसलेल्याचे दोन पाय खाऊन टाकतो.

पाठवण्याआधी दोन मिनिटं काढून फोटो बोटांनी पूर्ण मोठा करा आणि हळूहळू सरकवत बघा. आधी फुलाचा मध्य, मग पाकळ्यांच्या बेचक्या, मग कळीचा देठ. जास्वंदीच्या कळीखाली मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, हमखास असतो. त्याची टाकलेली पांढरी कात पाकळीवर चिकटते, तिलाच लोक धूळ समजतात. मुंग्यांची ये-जा दिसली तर मावा जवळपास आहे असं धरून चाला. फिक्या गुलाबाच्या कडा तपकिरी दिसल्या, तर तो आमच्या रंगांचा दोष नव्हे. फुलकिडे पाकळी खरवडून रस घेतात, त्याची ती खूण. देठाच्या बेचक्यात कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण नावाचा किडा. (औषध कोणतं मारायचं ते नर्सरीवाल्यांना विचारा, आम्ही छापखान्याचे.)

जवळून काढलेल्या फोटोत फोकसची जागा फारच पातळ असते. परागकण धारदार येतात आणि त्यांच्या थोडं मागे बसलेला किडा फराटा ओढल्यासारखा दिसतो. प्रिंट पुसली गेल्याची जी तक्रार येते, तिचं मूळ पुष्कळदा हेच. कॅमेऱ्यातल्या धुळीची शंका असेल तर लागोपाठ काढलेले दोन फोटो शेजारी ठेवा. धूळ चौकटीत त्याच जागी राहते, किडा फुलाबरोबर सरकतो किंवा चालू लागलेला असतो.

सगळेच काही उपद्रवी नसतात. गेल्या हिवाळ्यात एक काका पांढऱ्या शेवंतीवरच्या मधमाशीचा फोटो घेऊन आले. म्हणाले, "इतकी शांत बसली होती की दहा फोटो काढू दिले." आम्ही पडद्यावर मोठा केला. मधमाशीच्या मानेखाली दोन पांढऱ्या पाकळ्या जरा जाड वाटल्या. त्या पाकळ्या नव्हत्या. खेकडा कोळ्याचे पुढचे पाय होते. हा कोळी जाळं विणत नाही, फुलावर दबा धरून बसतो. त्याच्या काही जाती पांढऱ्याचा पिवळा रंगही करतात, त्याला काही दिवस लागतात. मधमाशी शांत होती कारण ती मेलेली होती. काका दोन मिनिटं गप्प बसले आणि १२ बाय १८ ची ऑर्डर बदलून २० बाय ३० ची केली.

म्हणूनच आम्ही विचारल्याशिवाय काहीही पुसत नाही. काहीजणांना हा आळस वाटतो. पण एकदा पाकळीखालचे केसासारखे तंतू आम्ही 'कचरा' म्हणून साफ केले. तंतूंच्या टोकांना क्रायसोपाची अंडी होती. मावा खाणारा हा हिरवा, जाळीदार पंखांचा कीटक अंडी अशीच बारीक तंतूंवर उभी ठेवतो. ज्या बाईंचा फोटो होता, त्यांनी तो त्या अंड्यांसाठीच काढला होता. नवी प्रिंट आमच्या खर्चाने दिली आणि तेव्हापासून ऑर्डरच्या कागदावर 'कीटक ठेवायचा' आणि 'कीटक काढायचा' असे दोन चौकोन आले. एकावर खूण कराच. एखाददुसरा ठिपका काढायचे आम्ही पैसे घेत नाही. माव्याने भरलेला देठ साफ करायचा असेल तर घेतो, त्याला अर्धा तास जातो.

१२ बाय १८ किंवा त्याहून मोठ्या ऑर्डरला फुलाच्या मध्याची ४ बाय ६ ची नमुना प्रिंट आधी मोफत मिळते. ती उजेडात बघा आणि मागे सही करा. सहीनंतर किडा सापडला तर दुसरी प्रिंट अर्ध्या दरात. मूळ फाइलमध्ये नसलेला डाग प्रिंटवर निघाला तर ती चूक आमची, प्रिंट लगेच बदलून मिळेल. सापडलेला कीटकच आवडला, तर तेवढाच भाग वेगळा छापून छोट्या फ्रेममध्येही देतो. फक्त त्यासाठी फाइल मूळ हवी.

शनिवार-रविवारी गर्दी असते, फोटो सावकाश बघायचे तर मधल्या वारी दुपारी या. काउंटरवर भिंग ठेवलं आहे. ते दोरीने बांधलेलं आहे याचा राग मानू नका, आधीची दोन गेली.