स्पॅनिंग ट्री का बंद करू नये: तीस सेकंदांमागची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं नेटवर्क भर कामाच्या वेळी बसलं. टॅली उघडेना, कॅमेरे गोठले, संगणकांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या स्विचवरचे सगळे दिवे एकदम फडफडत होते. तासाभराने कारण सापडलं ते टेबलावरच्या आयपी फोनपाशी. फोनला दोन पोर्ट. टेबल हलवताना कुणीतरी दोन्ही वायरी भिंतीतल्या सॉकेटांत खोचल्या होत्या. वायरींचं असं वर्तुळ झालं तरी नेटवर्क बसू नये म्हणून स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची सोय असते. इथेही ते होतं, पण बंद केलेलं. का, तर ‘सकाळी पीसीला लवकर आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही’. हीच तक्रार मी निपाणीपासून खानापूरपर्यंत ऐकली आहे.

१९७३ साली झेरॉक्सच्या पार्क (PARC) प्रयोगशाळेत इथरनेटची, म्हणजे वायरीने संगणक जोडण्याच्या पद्धतीची, कल्पना मांडली गेली, तेव्हा ती सगळ्यांची मिळून एकच केबल होती. एकाने पाठवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. फ्रेम, म्हणजे माहितीचा गठ्ठा, कुणी पुढे ढकलेल हे त्या रचनेत नव्हतंच. आयपी पॅकेटात टीटीएलचा आकडा असतो, दर राउटरला एकाने घटतो आणि शून्यावर पॅकेट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेममध्ये म्हणूनच तसं काहीच नाही. पुढे केबली जोडणारे ब्रिज, म्हणजे आजच्या स्विचचे पूर्वज, आले. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीची, फ्रेम आली की ती उरलेल्या सगळ्या पोर्टांवर सोडायची, हे ब्रिजचं काम. वाटेत वर्तुळ असलं की तीच फ्रेम फिरत राहते आणि तिच्या प्रती वाढत जातात.

हा प्रश्न डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये राडिया पर्लमन यांच्याकडे आला. खरं तर त्यांना ब्रिजची कल्पनाच पटत नव्हती; हे राउटरचं काम, असं त्यांचं मत. तरी त्यांनी उत्तर काढलं, आणि ते १९८५ साली प्रसिद्ध झालं. मानकं ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेने १९९० मध्ये ८०२.१डी म्हणून त्याचं मानक केलं.

त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही, की जादा वायर काढायला लावली जात नाही. आपल्याला गोव्याला जायला चोर्ला घाट आहे आणि अनमोड घाटही. एक बंद पडला की गाड्या दुसऱ्याने जातात. स्पॅनिंग ट्री दुसरा रस्ता राखून ठेवतं, फक्त त्यावर वाहतूक सोडत नाही. त्यासाठी स्विच आपसांत बीपीडीयू नावाचे छोटे संदेश पाठवून एक मूळ स्विच निवडतात; सगळे रस्ते त्याच्यापासून मोजले जातात. ज्याचा क्रमांक सर्वांत लहान, तो मूळ. क्रमांकात आधी प्रायॉरिटी, मग मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतःचा पत्ता. सगळ्यांची प्रायॉरिटी कारखान्यातून आलेली ३२७६८ तशीच ठेवली, तर निर्णय मॅक पत्त्यावर होतो, आणि कोपऱ्यातला धुळीने माखलेला जुना स्विच मूळ बनू शकतो.

आता ते तीस सेकंद. पोर्ट उघडण्याआधी स्विच पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद पत्ते शिकतो. घाई केली तर तेवढ्यात लूप, म्हणजे ते वर्तुळ, बसेल. दूरची वाट तुटल्यास आणखी वीस धरून पन्नास होतात. २००१ मध्ये आलेल्या ८०२.१डब्ल्यू या वेगवान आवृत्तीने हा वेळ बहुतेकदा काही सेकंदांवर किंवा त्याहूनही खाली आणला. पीसीच्या पोर्टाला तर ‘एज’, म्हणजे कडेचं, पुढे स्विच नसलेलं, म्हणून सांगितलं की थांबावंच लागत नाही.

फौंड्रीत मी तेच केलं: स्पॅनिंग ट्री पुन्हा चालू, मुख्य स्विचची प्रायॉरिटी ४०९६, पीसी आणि फोनच्या पोर्टांवर एज आणि सोबत बीपीडीयू गार्ड, म्हणजे तिथे बीपीडीयू आला की पोर्ट बंद करणारी सोय. मग मुद्दाम त्याच फोनच्या दोन्ही वायरी पुन्हा भिंतीत लावल्या. पोर्ट बंद पडलं, टॅली चालूच राहिली.