योलाबोकाफ्लोद

योलाबोकाफ्लोद : आइसलँडमध्ये दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत चालणारा नव्या पुस्तकांचा हंगाम. शब्दाची फोड सोपी आहे : नाताळ, पुस्तक आणि पूर. चार लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या या बेटावर वर्षभरातील महत्त्वाची बहुतेक पुस्तके या काळात बाजारात येतात आणि त्यांतली पुष्कळशी भेट म्हणून घरोघर पोहोचतात. आइसलँडमध्ये नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सहाला सुरू होतो. जेवण आटोपले की भेटी उघडतात, आणि त्यांत बहुधा प्रत्येकाच्या नावाचे एखादे पुस्तक असते.

परदेशात या प्रथेचे एक गोड चित्र रूढ झाले आहे : त्या रात्री सारा देश गरम चॉकलेटचा कप घेऊन पांघरुणात शिरतो आणि उजाडेपर्यंत वाचत बसतो. रात्री वाचत पडणारे तेथे पुष्कळ आहेत, यात शंका नाही. पण आइसलँडच्या माणसाच्या तोंडी हा शब्द आला, तर त्याच्या मनात विधी नसतो, धंद्याचा हंगाम असतो : दुकानांतले ढीग, जाहिराती, लेखकांची धावपळ आणि यंदा कोणाचे पुस्तक खपले याची चर्चा.

आजच्या रूपातील प्रथेचा उगम दुसऱ्या महायुद्धातला आहे. मे १९४० मध्ये ब्रिटिश फौजा बेटावर उतरल्या, पुढच्या वर्षी अमेरिकन आले. लष्करी कामांमुळे लोकांच्या हातात पैसा खेळू लागला. मात्र परकीय चलनावर कडक नियंत्रण होते आणि भेट द्यावी अशा आयात वस्तूंची टंचाई होती. कागदाच्या आयातीवरचे निर्बंध त्या मानाने सैल होते. त्यामुळे देशातच छापलेले पुस्तक ही सहज मिळणारी आणि देताना कमीपणा न वाटणारी भेट ठरली. १७ जून १९४४ रोजी आइसलँड प्रजासत्ताक झाले आणि त्याच वर्षापासून प्रकाशक संघटनेची नव्या पुस्तकांची सूची निघू लागली. ‘बोकातिदिंदी’ (पुस्तकवार्ता) या नावाने ओळखली जाणारी ही सूची कित्येक दशके नोव्हेंबरमध्ये प्रत्येक घरी फुकट पोहोचत असे. मुले तिच्यातल्या हव्या त्या पुस्तकांवर खुणा करून ठेवत.

टंचाईमुळे पुस्तक भेटीच्या कागदात गुंडाळले गेले, एवढे खरे. पण वाचायची सवय टंचाईने लागत नाही. ती फार जुनी होती. ऐन हिवाळ्यात राजधानी रेक्याव्हीकमध्ये दिवसाचा उजेड जेमतेम चार तास टिकतो. गवताळ मातीच्या ढेपांनी बांधलेल्या जुन्या शेतघरांत ‘बादस्तोवा’ नावाची एक सामाईक खोली असे; झोपणे, जेवणे, लोकर पिंजणे-विणणे सारे तेथेच. कामाच्या त्या लांब संध्याकाळींना ‘क्वोल्दवाका’ म्हणत. सगळ्यांचे हात कामात आणि एकजण मोठ्याने वाचणार किंवा ‘रीमुर’ ही यमकबद्ध कथाकाव्ये गाणार, असा रिवाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकला. वाचनासाठी मजकुराची ददात नव्हती. बाराव्या-तेराव्या शतकांपासून येथे वंशकथा, राजकथा आणि ‘सागा’ म्हणजे लांबलचक गद्यकथा देशभाषेत लिहिल्या जात होत्या. छापखाना १५३० च्या सुमारास होलारचे बिशप योन आरासोन यांनी आणला. तरी कित्येक सागा त्यानंतरही हाताने नकलून शेतघरांतून फिरत राहिल्या.

या वारशाचे सर्वांत बोलके उदाहरण एका छोट्या बेटाचे आहे. पश्चिमेच्या ब्रेदाफ्योर्दुर या विस्तीर्ण उपसागरातील फ्लातेय बेटावरच्या एका कुटुंबाकडे चौदाव्या शतकाच्या अखेरचे एक भव्य हस्तलिखित होते. ‘फ्लातेयारबोक’ म्हणजे फ्लातेयचे पुस्तक; त्यासाठी ११३ वासरांची कातडी लागली, असा हिशेब सांगतात. १६४७ मध्ये मालकाने ते बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सोन यांना दिले आणि १६५६ मध्ये ते डेन्मार्कच्या राजाकडे गेले. तीन शतकांनंतर, २१ एप्रिल १९७१ रोजी, डॅनिश नौदलाच्या जहाजाने ते आणि ‘एड्डा’ या जुन्या देव-वीरकाव्यांचे प्रसिद्ध हस्तलिखित रेक्याव्हीकच्या बंदरात परत आणले, तेव्हा स्वागताला हजारो लोक धक्क्यावर उभे होते. शाळा-दुकाने बंद होती. पुस्तकासाठी अशी गर्दी कोणत्याही ग्रंथोत्सवाला हेवा वाटावी अशीच. हस्तलिखिते परत येण्याचे काम १९९७ पर्यंत चालले. फ्लातेयवर ते पुस्तक आता नाही. १८६४ मध्ये बांधलेली ग्रंथालयाची इमारत मात्र आहे. एका खोलीएवढी ही वास्तू देशातील सर्वांत जुनी ग्रंथालय-इमारत मानली जाते. बेटावर बारमाही राहणारी माणसे आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

हंगामाची रीत अशी : लोकप्रिय लेखकांच्या तारखा जवळजवळ ठरलेल्या असतात. रहस्यकथाकार आर्नाल्डुर इंद्रिदासोन यांचे नवे पुस्तक १ नोव्हेंबरला येणार, हे वाचकांनी गृहीतच धरलेले असते. मग ग्रंथालये, कॅफे, शाळा, कामाची ठिकाणे येथे वाचनाचे कार्यक्रम लागतात. लेखक समोर येऊन दहा-पंधरा मिनिटे वाचतो आणि पुढच्या ठिकाणी निघतो. देश लहान असल्याने श्रोत्यांत लेखकाचा शेजारी किंवा चुलतभाऊ असण्याची शक्यता बरीच, हेही एक दडपणच. १९८९ पासून दिल्या जाणाऱ्या आइसलँडिक साहित्य पुरस्काराची नामांकने नाताळच्या तोंडावर जाहीर होतात आणि खरेदीला जोर येतो. भेटीच्या पुस्तकावर ‘स्किप्तिमिदी’ म्हणजे बदलून घेण्याची चिठ्ठी चिकटवलेली असते. एकच गाजलेली कादंबरी तीन मावश्यांनी दिली, तर नाताळनंतर दुकानात जाऊन दोन प्रती बदलून घ्यायच्या. त्या दिवसांत दुकानांत पुन्हा गर्दी होते.

ग्रंथालयांचा वाटा याहून संथ, पण माझ्या मते अधिक टिकाऊ. विकत घेणारा वर्षातून एकदा घेतो, वाचणारा बाराही महिने वाचतो. रेक्याव्हीकचे नगर ग्रंथालय १९२३ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय ग्रंथालयाची स्थापना १८१८ ची. विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहासह ते १ डिसेंबर १९९४ रोजी नव्या इमारतीत आले. ग्रंथालयातून पुस्तक वाचायला गेले की लेखकांना एका निधीतून मोबदला मिळतो. कपाटांची मांडणी परक्याला चकवते : येथे बहुतेकांना आडनाव नसते, वडिलांचे किंवा आईचे नाव लावतात, म्हणून लेखक पहिल्या नावाने शोधावे लागतात. कादंबरीकार हाल्डोर लाक्सनेस यांनी लहानपणच्या शेताचे नाव आडनाव म्हणून घेतले होते, तरी १९५५ चे हे नोबेलविजेते सापडतात ‘हाल्डोर’मध्येच.

‘पोटात पुस्तक घेऊन फिरणे’ असा वाक्प्रचार या भाषेत आहे. प्रत्येकाच्या मनात एक न लिहिलेले पुस्तक असते, या अर्थी. लिहिणाऱ्यांना म्हणूनच तोटा नाही, बाजार मात्र चिमुकला आहे. वर्षाची कमाई काही आठवड्यांवर टांगलेली असते. वसंतात आलेले चांगले पुस्तक दुर्लक्षित राहते आणि पुरात वीस पुस्तके एकमेकांना बुडवतात. देशात पुठ्ठाबांधणीची छपाई घटून पुस्तके परदेशात छापली जाऊ लागल्यापासून डिसेंबरमध्ये संपलेल्या पुस्तकाची नवी आवृत्ती नाताळपूर्वी आणणे अवघड झाले आहे. २०१९ मध्ये आइसलँडिक पुस्तकांच्या निर्मितिखर्चाचा २५ टक्क्यांपर्यंतचा भाग परत देण्याची योजना सरकारने सुरू केली. २०११ मध्ये युनेस्कोने रेक्याव्हीकला साहित्यनगरी म्हणून मान्यता दिली. हंगामात न खपलेल्या प्रती हिवाळा सरताना प्रकाशकांच्या मोठ्या ग्रंथबाजारात उतरत्या किमतीला मिळतात. जाणते वाचक त्यासाठी पैसे राखून ठेवतात.