इंदूरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: त्यामागची गोष्ट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला आणि रामबाग, सुदामानगरातल्या घरांमधले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एका दिवसात म्हातारे झाले. सिल्व्हर मॉलला नवा बघायला निघायच्या आधी कोणीतरी लिनक्स सुचवतं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. मग लगेच विचारलं जातं, "पण कोणतं? उबुंटू, मिंट की डेबियन?"

ही नावांची गर्दी झाली, कारण लिनक्स एका कंपनीत तयार झालंच नाही. १९६९मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली सुरू केली. युनिक्ससारखीच, पण कोणालाही वापरता-बदलता येईल अशी प्रणाली उभी करायचं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जाहीर केलं. तो ग्नू प्रकल्प. त्याची बरीच अवजारं तयार झाली, कर्नल, म्हणजे यंत्र आणि प्रोग्राम यांना जोडणारा प्रणालीचा गाभा, मात्र रखडला. १९९१मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून कर्नल लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येईल अशा अटींवर, खुला केला. तोच लिनक्स.

नुसता कर्नल घेऊन घरी काय करणार? त्याला ग्नूची अवजारं, डेस्कटॉप, इन्स्टॉलर जोडून कोणीतरी तयार संच द्यायला हवा. हे संच म्हणजे डिस्ट्रो. डेबियन १९९३चं, त्यावर उभं राहिलेलं उबुंटू २००४चं आणि उबुंटूवर बेतलेलं मिंट २००६चं. म्हणजे वरचा प्रश्न आजोबा, मुलगा आणि नातू यांतला आहे. नवख्याने नातवापासून सुरुवात करावी, असं माझं मत. (उबुंटूच्या सीडी २०११पर्यंत टपालाने फुकट यायच्या. आपल्याकडच्या तेव्हाच्या नेटवर अख्खी सीडी उतरवणं म्हणजे काय, हे आठवणाऱ्यांना त्याचं मोल कळेल.)

लिनक्स टाकलं की टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून द्यायच्या, काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना काहीच उमटत नाही आणि माणूस घाबरतो. युनिक्सच्या सुरुवातीला संगणकाशी बोलायचं ते टेलिटाइप यंत्रावरून, कागदावर. पासवर्ड छापला गेला असता तर शेजारच्याने वाचला असता. एकच संगणक अनेकांत वाटलेला असायचा, म्हणून सगळे अधिकारही एका 'रूट'कडे, म्हणजे मुख्य खात्याकडे, ठेवलेले. आज घरात तुम्ही एकटे असलात तरी काही इन्स्टॉल करताना पासवर्ड मागितला जातो तो त्यामुळेच.

इंदूरकरांची खरी अडचण मात्र वेगळीच. आपल्याकडच्या टायपिंगच्या दुकानांतून अर्ज-निमंत्रणं निघाली ती कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. त्या फाइलीत देवनागरी नसतेच. आत रोमन अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. लिनक्सवर तो फॉन्ट नसला की गिचमीड दिसते आणि खापर बिचाऱ्या लिनक्सवर फुटतं. जुन्या फाइली वाचायला कृतिदेव फॉन्ट टाकता येतो. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच लिहावा, म्हणजे फाइलीत खरी देवनागरी अक्षरं राहतात. त्यासाठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची मांडणी, लिनक्सच्या सेटिंग्जमध्ये मिळतो. मध्य प्रदेशातल्या सीपीसीटी या संगणक-टायपिंग परीक्षेसाठी इनस्क्रिप्ट शिकलेल्या मुलांचा हात त्यावर आधीच बसलेला असतो. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर शिकलेल्यांना थोडा सराव लागेल.